अनुसूयाक्कांचा बिनदुधाचा कषाय

बंगळुरात, बसवनगुडीत गांधी बाजाराच्या मागच्या गल्लीत ज्याला अनुसूयाक्का माहीत नाहीत, तो एकतर नवा भाडेकरू असतो, नाहीतर त्याला जन्मात कधी खोकला झालेला नसतो. वय सहासष्ट, उंची पाच फुटांच्या आत, नाकात सात खड्यांची चमकी. आवाज मात्र असा की गल्लीच्या या टोकाला त्यांनी भाजीवाल्याशी घासाघीस केली की त्या टोकाच्या बाईला वेगळा भाव विचारावा लागत नाही. घराणं माध्वांचं, म्हणजे मध्वाचार्यांच्या वैष्णव पंथातलं, तीनशे वर्षांपासून याच मुलखात रुजलेलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड आणि रागावल्यावर दोन्ही एकदम.

नोकरी त्यांनी टेलिफोन खात्यात केली आणि त्यातली बावीस वर्षं १९८ नंबरवर. फोन बंद पडला की लोक शेजाऱ्याकडे जाऊन १९८ फिरवायचे आणि वायरीच्या दुसऱ्या टोकाला अक्का असायच्या. माणूस चिडलेला असायचा, खात्याचा उद्धार करायचा. अक्का त्याला पुरता बोलू द्यायच्या आणि मग एकच विचारायच्या, ‘‘कालपर्यंत चालू होता ना? मग कालपासून घरात काय बदललं?’’ निम्म्या तक्रारी तिथेच मिटायच्या. कुणी कपाट सरकवलेलं असायचं, कुणी रंगारी बोलावलेला असायचा, आणि चामराजपेटच्या एका घरात तर नव्या जावयानं टेलिफोनच्या तारेवर टॉवेल वाळत घातला होता. लाइनमनला पाठवण्याआधी बदल शोधायचा, ही अक्कांची रीत. खात्यातले इंजिनीअरसुद्धा अडले की त्यांच्या टेबलाशी येत.

पण गल्लीत त्यांचं नाव झालं ते कषायावरून. पुण्याकडे ज्याला काढा म्हणतात तोच हा, फक्त इथे तो आजारी पडल्यावर नाही, रोज पितात. धने, जिरं, मिरी, सुंठ, बडीशेप आणि ज्येष्ठमध मंद आचेवर भाजायचे, कुटायचे, वस्त्रगाळ करायचे. ही पुडी दूध-गुळात उकळली की झाला कषाय. प्रमाण सासूबाईंचं. सासूबाई कडक होत्या, सुनेला कशातच चांगलं म्हणत नसत, पण जाताना पुडीचं प्रमाण तेवढं तिच्या हातात ठेवून गेल्या. अक्कांनी ते चाळीस वर्षं राखलं. पुडी त्यांनी कधी विकली नाही. ज्याला हवी त्यानं आपला धुतलेला, कोरडा डबा घेऊन यायचं, भरून न्यायचं. ओल्या डब्याला मात्र क्षमा नव्हती. डॉक्टरांच्या बायकाही दारात बोलणी खाऊन गेल्या आहेत.

आता यातलं एक सांगायला हवं. माध्वांच्या चातुर्मासात दर महिन्याला एकेक पदार्थ वर्ज्य असतो. भाद्रपद शुद्ध द्वादशीपासून महिनाभर दूध वर्ज्य, त्याला क्षीरव्रत म्हणतात. दूध नाही म्हणजे कॉफी नाही, आणि बंगळुरात कॉफी नाही म्हणजे सकाळच होत नाही. त्या महिन्यात व्रत करणारी घरं कषायावर तगतात. पण तोही दुधावाचून करायचा म्हटला की घशाला ओरखडे काढतो. म्हणून सासूबाईंच्याही आधीपासून या घरात क्षीरव्रताची पुडी वेगळी होते, तिच्यात ज्येष्ठमध दुप्पट पडतो. ज्येष्ठमधानं कषायाला गोडी येते, अंग येतं, दुधाची उणीव जाणवत नाही. अक्कांना या युक्तीचा भारी अभिमान होता. गेल्या वर्षी त्या पुडीचे चौतीस डबे गेले.

त्यातला पहिला गेला भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या भीमाचार्यांकडे. आचार्य अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेले, संध्याकाळी मठात पुराण सांगणारे. वादात शेवटचा शब्द आपलाच, हा त्यांचा एकमेव षौक. दुसरा कॉफीचा, दिवसाला पाच पेले. हृदय थकलेलं, त्यासाठी तीन वर्षं दोन गोळ्या चालू होत्या, एक हृदय सांभाळणारी, एक अंगातलं पाणी उतरवणारी. त्या ते घड्याळ लावून घेत.

‘‘अक्का, कॉफी सोडणं म्हणजे अर्धा संन्यास,’’ डबा घेताना ते म्हणाले.

‘‘अर्धाच ना? बाकीचा अर्धा घरच्यांना सोसू दे,’’ अक्का म्हणाल्या. ‘‘सकाळी एक पेला घ्या. पुरे.’’

आचार्यांनी सकाळी एक घेतला. मग कॉफीची दुसरी वेळ आली, तेव्हा दुसरा. संध्याकाळपर्यंत पाच झाले, आणि रोज पाच होऊ लागले. गल्लीत कौतुक सुरू झालं. या वयात, या हृदयानं, कॉफीचं नाव नाही! मुलगा गुरुदत्त ऑफिसात सांगू लागला, सून आश्लेषा देवळात सांगू लागली.

तिसऱ्या आठवड्यात आचार्यांची भूक गेली. पानावर बसले की मळमळे. एका संध्याकाळी ते अक्कांना म्हणाले, ‘‘मठातले दिवे बदललेत वाटतं. सगळं हळदीसारखं पिवळं दिसतं.’’ आश्लेषा म्हणाली, मोतीबिंदू असेल. गुरुदत्त म्हणाला, व्रताचा अशक्तपणा. अक्कांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी थोडी जास्तच पुडी पाठवली. दोन दिवसांनी आचार्य देवघरातच कोसळले.

जयनगरच्या इस्पितळात नेलं तेव्हा नाडी पस्तिसावर आली होती. तिथे डॉक्टर भव्या होत्या, तिशीच्या, जयनगरातल्याच जुन्या मराठा घरातल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मराठीत विचारलं, ‘‘या दोन गोळ्यांशिवाय आणखी कुठलं औषध? आयुर्वेदिक, होमिओपॅथी, काहीही?’’

‘‘नाही,’’ गुरुदत्त म्हणाला. कॉटवरून आचार्यांनी मान हलवली. दारात थर्मास घेऊन उभ्या असलेल्या अक्कांनीही हलवली. यात खोटं कुणीच बोललं नव्हतं. कषायाला औषध म्हणायचं तर वरणालाही म्हणावं लागलं असतं.

आणि थर्मास होताच. व्रत इस्पितळातही सुटत नसतं, तिथली दुधाची कॉफी आचार्य घेणार नव्हते. म्हणून अक्का सकाळ-संध्याकाळ बसवनगुडीहून रिक्षानं कषाय घेऊन येत आणि आपल्या हातानं त्यांना पाजत. डॉक्टरांनी हृदयाची गोळी थांबवली, रक्तात कमी झालेलं पोटॅशियम शिरेतून चढवलं. चढवलेलं टिकेना. तिसऱ्या दिवशी सकाळी रिपोर्ट हातात घेऊन भव्या नर्सला म्हणाल्या, ‘‘हे जातंय कुठे? असंच चाललं तर हृदय थांबेल.’’ अक्का तिथेच बाकावर होत्या. बावीस वर्षं फुसफुसत्या वायरींतून माणसांचं बोलणं ऐकलेला तो कान, त्यातून शब्द सुटला नाही.

त्या आत गेल्या. आचार्यांनी डोळे उघडले आणि क्षीण आवाजात म्हणाले, ‘‘अक्का, आज पिवळं लुगडं?’’

लुगडं राखी रंगाचं होतं.

अक्का बाकावर येऊन बसल्या. दिवे पिवळे कधीपासून? पाच-सहा दिवस. भूक कधीपासून नाही? त्याच्या स्वल्प आधी. कालपर्यंत चालू होता ना, मग काय बदललं? गोळ्या तीन वर्षं त्याच. घर तेच, पाणी तेच. बदललं एकच होतं. दूध गेलं होतं आणि त्याच्या जागी ती पुडी आली होती. त्यांनी मांडीवरच्या थर्मासाकडे पाहिलं.

खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांना पळून जावंसं वाटलं. कुणी विचारलं नव्हतं, कुणाला कळणारही नव्हतं. थर्मास घरी न्यावा, उद्यापासून निव्वळ गूळपाणी आणावं, आचार्य बरे झाले तर झाले, सासूबाईंच्या पुडीचं नाव राहिलं असतं आणि अक्कांचंही. पण डॉक्टर अंधारात चाचपडत होत्या, आणि चुकीच्या खांबावर चढलेल्या लाइनमनला खालून हाक न मारणं अक्कांच्या स्वभावात नव्हतं. त्या उठल्या, भव्यांच्या खोलीपर्यंत गेल्या आणि थर्मास त्यांच्या टेबलावर ठेवला.

‘‘डॉक्टर, तुम्ही विचारलंत आणि आम्ही नाही म्हटलं. पण हे दिवसातून दोनदा त्यांच्या पोटात जातंय. घरी पाचदा जात होतं. मीच देते. तपासा.’’

‘‘काय आहे यात अज्जी?’’

अक्का सांगू लागल्या. जिरं, मिरी, सुंठ यांना भव्या मान डोलावत गेल्या. ज्येष्ठमध म्हटल्यावर त्यांचं पेन थांबलं. ‘‘किती?’’

चिमूटभर म्हणायची संधी होती. ‘‘दुप्पट,’’ अक्का म्हणाल्या. ‘‘दूध नाही म्हणून.’’

भव्या ओरडल्या नाहीत. त्यांनी अक्कांना खुर्ची दिली आणि सावकाश समजावलं. ज्येष्ठमध रोज भरपूर पोटात गेला की शरीरातलं पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं. पाणी उतरवणारी गोळीही तेच करते. दोघांनी मिळून पोटॅशियम उतरवलं की हृदयाची गोळी, तीच, तेवढीच, अंगावर उलटते. मळमळ, पिवळं दिसणं, नाडी मंदावणं, ही सगळी तिचीच लक्षणं. ‘‘गोळी बरोबर होती अज्जी, पुडीही जुनी चांगली. दोघींची गाठ पडायला नको होती. आता कारण कळलं, आता मला काम करता येईल.’’

एवढं बोलणं होईतो गुरुदत्त दारात येऊन उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो अक्कांच्या ओसरीवर वाढलेला मुलगा, पण बापाचा जीव टांगणीला लागलेला माणूस शब्द मोजून वापरत नाही. ‘‘अक्का, तुमच्या त्या पुडीपायी माझे अप्पा गेले असते. यापुढे आमच्या घरात तुमच्या हातचं काही येता कामा नये.’’

‘‘सरी,’’ अक्का म्हणाल्या. एरवी एका वाक्याला चार परत करणाऱ्या बाईनं त्या दिवशी ‘बरं’ एवढंच म्हटलं. मोरीत जाऊन थर्मास उपडा केला, तो धुतला आणि जिन्यानं खाली उतरल्या. रिक्षात बसल्यावर त्या रडल्या. रिक्षावाल्यानं विचारलं, ‘‘येनायतु अम्मा?’’ त्यांनी सांगितलं, काही नाही, मसाल्याचा ठसका लागला.

दुसरी कुणी असती तर दार लावून बसली असती. अक्का घरी जाऊन जेवल्या आणि कागद घेऊन बसल्या. चौतीस डबे गेले होते. माणसांची नावं त्यांना पटकन आठवत नसत, पण डबा कधी विसरला नव्हता. हॉर्लिक्सची बाटली म्हणजे कोपऱ्यावरचे पुरुषोत्तम, झाकण चेपलेला स्टीलचा डबा म्हणजे जे. पी. नगरची सकवारबाई. असे चौतीस आठवले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पुन्हा इस्पितळात गेल्या, आचार्यांच्या खोलीत नाही, भव्यांकडे, आणि कागद पुढे केला. ‘‘यातल्या कुणाला धोका आहे ते कसं ओळखू?’’

भव्यांनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला. इतक्या वर्षांत त्यांच्या टेबलावर आपली चूक घेऊन आलेली माणसं थोडी होती, आणि चुकीची उरलेली तेहतीस घरं शोधायला निघालेलं एकही नव्हतं. ‘‘तुम्ही ठरवू नका अज्जी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आधी पुडी थांबवायला सांगा. मग कोण कुठली गोळी घेतो ते लिहून आणा. हृदयाची, बीपीची, पाण्याची, शुगरची, रक्त पातळ करायची. आणि घरात आणखी काय पितात तेही. मेथीचं पाणी, कारल्याचा रस, सगळं. पण औषध आहे का असं विचारू नका. तसं विचारलं की लोक नाही म्हणतात.’’

‘‘ते मला कुणी शिकवायला नको,’’ अक्का म्हणाल्या.

चार दिवसांत त्यांनी तेहतीस घरं केली, सकाळी पायी, ऊन चढलं की रिक्षानं. दारात उभं राहून पहिलं वाक्य एकच, ‘‘माझ्या पुडीनं भीमाचार्य इस्पितळात आहेत. तुमच्या घरात गोळ्या कोण कोण घेतं?’’ लोकांना वाटे, म्हातारीला काहीतरी झालंय. कुणी म्हणालं, ‘‘अय्यो अक्का, वनस्पती ती, तिनं काय होतंय?’’ त्यावर अक्का म्हणत, ‘‘धोतराही वनस्पतीच आहे. भाजी करू का?’’ पुरुषोत्तमांनी तर कमाल केली. सगळं ऐकून घेतलं, विचार केला आणि म्हणाले, ‘‘मग बीपीची गोळी बंद करतो. कषाय सोडवत नाही.’’ त्यांना अक्कांनी जे सुनावलं ते समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ऐकू गेलं. गोळी चालू राहिली, हॉर्लिक्सची बाटली अक्का काखेत मारून घेऊन आल्या.

सकवारबाईचं घर शेवटचं होतं. टेलिफोन खात्यातली जुनी मैत्रीण, शेजारच्या खुर्चीवर बारा वर्षं बसलेली. तिला व्रताशी देणंघेणं नव्हतं, पण गोड चव आवडली म्हणून ती वर्षभर व्रताचीच पुडी हट्टानं करून घ्यायची. तिचं बीपी आठ महिने उतरत नव्हतं, गोळी दुप्पट झाली होती, पाय सुजले होते. अक्कांनी ते सुजलेले पाय पाहिले आणि तिथेच जमिनीवर बसल्या. ‘‘आठ महिने मला बोलली का नाहीस?’’

‘‘तू पुडी देणारी, तुला बीपीचं कशाला सांगू?’’ सकवारबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अक्का तिला तिच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या, डबा पुढे ठेवला, प्रमाण सांगितलं. पुडी बंद झाली. पाचव्या आठवड्यात त्या डॉक्टरांनी स्वतःहून एक गोळी कमी केली. सकवारबाईनं फोनवर बातमी दिली तेव्हा अक्का पहिल्यांदा पोटभर हसल्या.

इकडे आचार्यांची नाडी थर्मास थांबल्यापासून सावरत गेली. पाचव्या दिवशी त्यांना राखी लुगडं राखी दिसलं असतं, पण ते बघायला अक्का तिथे नव्हत्या. नवव्या दिवशी ते घरी आले. मधली भिंत तीच होती, आता तिच्या पलीकडून फक्त भांड्यांचे आवाज येत. आश्लेषा दिसली की मान खाली घाली. पुडी न्यायला कुणी येईनासं झालं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्या घरातला खलबत्ता सलग दहा-बारा दिवस वाजला नाही, आणि अक्कांना त्याचं फार लागलं. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. औषधाच्या दुकानात जाऊन मात्र त्या गल्ल्यावरच्या देवाप्पाजवळ तासतास बसू लागल्या, पाकिटांवरची नावं वाचायला शिकल्या. देवाप्पा म्हणायचा, परीक्षेला बसताय का? अक्का म्हणायच्या, बसलेय, नापास झालेय, पुन्हा बसतेय.

व्रत संपलं, दूध सुरू झालं आणि कोजागरीच्या आधल्या संध्याकाळी आचार्य पुन्हा मठात पुराण सांगायला बसले. सभागृह भरलं होतं. अक्का अगदी मागे, खांबाला टेकून. पुढची दोन माणसं त्यांना बघून कुजबुजली, ती कषायवाली हीच. अक्कांनी ऐकलं. उठून जावंसं वाटलं, पण आपण बसलो होतो ते पुराण ऐकायला, म्हणून बसून राहिल्या.

आचार्यांनीही ती कुजबुज पाहिली असावी. त्यांनी पोथी उघडली आणि तशीच ठेवली.

‘‘आज आधी माझं पुराण,’’ ते म्हणाले. ‘‘अनुसूयाक्कांनी मला एक पेला सांगितला होता. मी पाच प्यायलो. कॉफी सोडली म्हणून गल्ली माझं कौतुक करत होती आणि ते कौतुक मला कषायापेक्षा गोड लागत होतं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी शुद्धीवर होतो. मीही मान हलवली. खरं काय ते सांगायला शेवटी त्याच गेल्या, म्हणून मी इथे बसलोय. गुरुदत्त, ऐकतोयस ना? दोष माझा. अक्कांचा काडीचाही नाही.’’

पहिल्या रांगेत गुरुदत्तानं डोळे पुसले. माणसं मागे वळून बघू लागली. अक्कांना आता नुसतं हात जोडून बसायचं होतं, एवढं केलं असतं तरी गेलेलं नाव सगळ्यांसमक्ष परत आलं असतं. त्या गुडघ्यावर हात देऊन उभ्या राहिल्या.

‘‘स्वल्प थांबा आचार्य. पाच प्यायलात ते तुमचं, मला मान्य. पण चाळीस वर्षं मी या गल्लीचे डबे भरले. डबा ओला आहे का ते बघितलं, माणसाच्या पोटात आधीच काय आहे ते एकदाही विचारलं नाही. तुमच्या गोळ्या मला ठाऊक होत्या, तरी विचार केला नाही. उलट तुम्ही जेवेनात तेव्हा पुडी वाढवली. ही चूक माझी आहे. मोठ्या मनानं तुम्ही ती घ्याल, हे लोक विसरतील, आणि उद्या मीही विसरून परत न विचारता कुणाचा तरी डबा भरेन. म्हणून ती मला माझ्याकडेच लागते. ती तुम्ही घेऊ नका.’’

जन्मात कधी वादात शेवटचा शब्द न सोडलेले भीमाचार्य, त्यांनी भरल्या डोळ्यांनी हात जोडले.

‘‘सरी, अक्का,’’ ते म्हणाले. ‘‘ठेवा तुमच्याकडे.’’